पाचशे जोड

वर्षावासातल्या तिसऱ्या रविवारी
सुभाषनगरच्या विहारात मी वाचत होते
त्या पाचशे जणींची गोष्ट.
शाक्यांच्या महालातून निघाल्या,
केस कापले, काषाय नेसल्या,
आणि कपिलवस्तूपासून वैशालीपर्यंत
चालत गेल्या, अनवाणी.
पाय सुजले. धुळीनं भरले.

"थांब," गोजरामावशी म्हणाली,
"धूळ ऱ्हाऊ दे. पायतानं कुठं ठेवली त्यांनी?"

सगळ्या हसल्या. माइक खरखरला.
मी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.
दागिने होते, रथ होते,
फरशीशिवाय कशालाही न लागलेले
गुलाबी तळवे होते.
पायताण नव्हतं.

मावशीची चाळीस वर्षं कातड्यात गेली.
पदराला बाभळीच्या सालीचा वास,
डाव्या अंगठ्यावर रापीची जुनी खूण.
नवरा तळ कापायचा, ही वेण्या घालायची:
तीन पदरी, सात पदरी,
एवढ्या बारीक की शहरातल्या बाया
बोट फिरवून विचारायच्या, मशिनवर का हो?
तो गेला, त्याच्या तेराव्या दिवशी
हिनं रापीला धार लावून आणली.

विहारातून घरी जाताना हिशेब चालूच.
"पाचशे बाया म्हंजे हजार पाय.
कुनाचा पाच नंबर, कुनाचा आठ.
राणीचा पाय, पयल्या कोसालाच फोड.
आदी चार दिवस तेलात मुरवायचा तळ,
कान जरा सैल ठेवायचा.
दिलं असतं मी करून.
पैशाचं मागनं बघितलं असतं."

मग जयभवानी चहाच्या गाड्यापाशी थांबली.
"वेण्या कापल्या म्हनतीस त्यांनी?"
कापल्या.
"पाचशे?"
पाचशे.
तिनं स्वतःची बोटं दिव्याकडं धरली,
मेणदोऱ्यानं काळी पडलेली, जराशी वाकडी.
"आन मी बसलोय हितं
वेण्या घालत."

चहा आला. तिनं बशीत ओतला, फुंकला नाही.
"दारात अडवलं व्हय त्या म्होरकीला?"
तीनदा नको म्हणाले, मी सांगितलं.
ती बाहेर उभी राहून रडली, असं लिहिलंय.
"रडली आसंल. पायच तसं झालं हुतं.
पन रडायच्या आदी काय म्हनाली?
एवढं चालून आलेली बाई
दारात काय तरी म्हनंल का न्हाई?"

रात्री झोप लागेना.
पुण्याला शिकायला होते तेव्हा
वसतिगृहाच्या बाईंनी मला तीन महिने सुधारलं:
आलो नाही, आले म्हण. जेवलो नाही, जेवले.
मुली चिडवायच्या, कोल्हापूरचा पैलवान आला.
मी सुधारले.
आई गेली तेव्हा दारातून हाक मारली, "आई, आले",
आणि वाटलं,
हिला ओळखू येणार नाही कोण आलंय.

महालाच्या पायरीवर पाचशे जोड पडले असतील.
ते ज्यांनी शिवले ते तटाबाहेर राहत असतील.
सकाळी कुणीतरी ते गोळा केले असतील,
उलटे करून तळ बघितले असतील:
झिजलेच नाहीत.
त्यांचं पुढं काय झालं,
कुणी विकले, कुणी घातले,
की कुणी तेही तिथंच सोडून
निघालं मागोमाग,
हे मला ठाऊक नाही. मावशीलाही नाही.
तिला फक्त हिशेब लागत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच वाचायला घेतलं.
दार आलं. सुजलेले पाय आले.
पुस्तकात नव्हतं, तरी मी थांबून म्हणाले,
ती म्होरकी दारात उभी राहिली आणि म्हणाली,
"मी आलो."

कुणी हसलं नाही.
मागून कुणीतरी फक्त "व्हय" म्हणालं.

वर बघितलं तर मावशी अजून आत आली नव्हती.
उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून
पोरींच्या सँडली, रबरी स्लिपर, एक तुटका कापशी,
जे उलटंपालटं पडलं होतं
ते एकेक हातात घेऊन, अंगठ्यानं तळ चाचपून
जोडीनं लावत होती,
टोकं रस्त्याकडं.