शिंगं शिजत नाहीत

रिकामा फ्रीझर जास्त घुमतो.
ऑक्टोबर सरता सरता त्याची घरघर
गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात येते,
आणि लायल म्हणतो, ऐकलंस? मागतोय.
तळाशी मटारची फुटकी पिशवी,
आणि गेल्या हिवाळ्यातली एक मान,
जिचा रस्सा करायचा राहूनच गेला.

या वर्षी लायल येणार नाही.
त्याच्या नाकाशी नळी, नळीला यंत्र,
यंत्राला भिंतीतली वीज.
तीस फूट नळी जाईल तेवढंच त्याचं विस्कॉन्सिन:
पलंग, संडास, खिडकी.
रायफल मात्र त्यानेच पुसून दिली,
तेलाचे हात नेहमीसारखे पँटला पुसले.
मादीचा परवाना माझ्या खिशात कोंबत म्हणाला,
शिंगांच्या मागे लागू नकोस, व्हर्ना.
शिंगं शिजत नाहीत.

पहाटे साडेपाच. उणे अकरा.
बर्चच्या रानात बादली उपडी घालून बसले.
बोटं बगलेत, श्वास मफलरवर गोठलेला.
एका खारीने पाचोळ्यात एवढा गोंधळ घातला
की वाटलं, अस्वलच आलं.
जी खरी आली ती बिनआवाजी आली.
पाठ भरलेली, एका कानाला जुनी चीर,
चालता चालता थांबायची,
घरून काहीतरी आणायचं राहिल्यासारखी.

लोक म्हणतात माफी मागावी, आभार मानावेत.
मी काहीच बोलले नाही, मनातसुद्धा.
खांद्यामागे चार बोटं. अर्धा श्वास सोडायचा.
आणि खरं सांगायचं तर
त्या अर्ध्या श्वासातही
विजेच्या बिलाचा आकडा होताच.

एक बार.

खिडकीशी बसून लायलने तो ऐकला असणार.
आमचं जुनं गणित आहे:
एक बार म्हणजे हरण,
दोन म्हणजे बघू,
तीन म्हणजे नुसती कॉफी टाक.

पोट उघडलं तशी वाफ आली.
हात मनगटापर्यंत आत गेले, उबेत,
आणि सकाळपासून पहिल्यांदा
बोटं माझी वाटली.
याची लाज वाटायला हवी होती का,
ते अजून ठरवलेलं नाही.

कॅरीन सहा वर्षांची असतानाची लाल घसरगाडी,
तिच्यावर हरण बांधून अर्धा मैल ओढत आणलं.
सात वेळा बसले. आठव्यांदा
ऑर्विलने ट्रॅक्टरवरून टोपी उचलली,
मदत हवी का विचारलं नाही,
त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

कागद गिरणी बंद झाली त्या दिवशी लायलने
पांढऱ्या कागदाची एक अख्खी गुंडाळी
मागच्या दाराने घरी आणली होती.
एकवीस वर्षांची नोकरी; धूळ त्याच्या छातीत राहिली,
कागद आमच्या गॅरेजात.
नऊ हिवाळे आम्ही त्यातच हरणं गुंडाळतोय.

मी कापते, तो लिहितो.
खिमा. पाठ. रस्सा. खिमा.
प्रत्येक पुडक्यानंतर पेन खाली ठेवून
दोन श्वास घेतो, मग तारीख घालतो.
अक्षर अजून वळणदार आहे,
फक्त ओळ उताराला लागते.

काळीज मात्र गुंडाळलं नाही.
काळीज गोठवायचं नसतं, हे त्याच्या आईचं म्हणणं.
कांद्यावर परतून त्याच रात्री खाल्लं,
बिडाच्या तव्यातूनच, तोंड भाजत.

अडतीस पुडकी. आठवड्याला दोन धरली
तर मार्च उलटेल.
हे मी मनात मोजलं.
फ्रीझर आता हळू बोलत होता,
पोट भरलेल्या माणसासारखा.

लायलने गुंडाळी हातात तोलून पाहिली,
अंगठ्याने तिची जाडी दाबली.
अजून दोन हरणांपुरता आहे, म्हणाला.

मी म्हटलं, तीन.