ताण

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी
पाळकबाईंनी पहिली मेणबत्ती लावली
आणि घरी येऊन तू, नथनेल,
बागेचं पाणी तोडलंस.

अडीच एकर, सातशे ऐंशी झाडं डाळिंबाची.
ठिबकचा कॉक फिरवलास, हात पॅन्टला पुसलेस,
म्हणालास, आता दीड महिना कुणी लाड करायचे नाहीत.
मी हसले.
आपल्या घरात लाड करायला
एवढी झाडंच तर आहेत.

दुसऱ्या मेणबत्तीपर्यंत पानं मऊ पडली,
तिसरीला पिवळी.
मग पाठीवर पंप घेऊन तू पानगळीचं औषध मारलंस
आणि नाताळला आपली बाग
नुसत्या काट्यांची.
रस्त्यावरून जाणारे म्हणाले, नाथाची बाग मेली काय?
(नथनेल त्यांच्या जिभेवर बसत नाही.
त्याचा अर्थ देवानं दिलेला, असं तुझी आई सांगते
आणि माझ्याकडे बघून थांबते.)

उपासना सुटली की बाया विचारतात, काही बातमी?
पहिल्या वर्षी मी लाजायचे.
दुसऱ्या वर्षी म्हणायचे, प्रार्थनेत असू द्या.
आता म्हणते, अहो, माझं नावच सुवार्ता,
अजून कुठली बातमी पाहिजे?
मग त्या शास्त्रातल्या म्हाताऱ्यांची आठवण करून देतात,
नव्वदीला पाळणा हलला होता म्हणे.
मी एकोणतीसची.
म्हणजे माझे अजून एकसष्ट बहार शिल्लक.

कापणीच्या सणाला आपण पाच फळं वेदीपुढे ठेवली.
लिलावात मिशन दवाखान्याच्या जुन्या नर्सबाईंनी
एका डाळिंबाला तीनशे रुपये लावले
आणि ते माझ्याच हातात दिलं.
दाणे मोज, म्हणाल्या. बाकी काही नाही.
रात्री आपण खरंच मोजायला बसलो.
चारशे बारापर्यंत आलो
आणि तुला भूक लागली.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दोघांचं सगळं ठीक आहे, वाट बघा.
एवढं सांगायचे बाराशे.
परतताना एस्टीत तू मला खिडकी दिलीस.
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात
शालू पोटऱ्यात आलेला,
ना पाट, ना पाऊस, नुसत्या ओलीवर.
लांबच्या लांब, दोन्ही बाजूंनी.
सांगोला येईपर्यंत
आपण दोघंही वैरणीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

फुलं ओळखायला तूच शिकवलंस मला.
बूड फुगीर, ते धरणार.
बूड निमुळतं, ते नर, ते गळणार.
गळणारीच जास्त.
मागच्या फेब्रुवारीत झाडाखाली लाल सडा पडला होता,
मी वाकून पदर भरून घेतला
आणि तू विचारलंस, याचं काय करणार?
काही नाही, म्हटलं.
ही पण फुलंच होती की.

काल पहिलं पाणी.
या आठवड्यात लाईट रात्रीची, दीडला आली.
तू मोटारीपाशी,
मी पार खालच्या बांधाला, शेवटच्या नळीला कान लावून.
थंडी अशी की माती पायाला चावत होती.
अंधारातून तुझी हाक, आलं का?
नाही.
आलं का?
नाही, थांब.

पाण्याच्या आधी नळीत हवा येते.
खोकते, फुसफुसते,
घरात कुणीतरी जागं असल्यासारखी.
सातशे ऐंशी काटेरी झाडं गप्प उभी.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं
की हा ताण मोजून दिलेला असतो,
की कॉक कुणाच्या तरी हातात असतो.
आपल्याला तरी कुठं सांगितलंय.

सुवार्ता, आलं का गं?

वाराच येतोय अजून, मी ओरडले,
तू मोटार बंद करू नकोस.