थांबायचं सामान

साव्हेरियो, हात काढ त्या डब्यावरून.
भोकाभोकांच्या डिस्क तुला हव्यात
हे मला तू दारात गाडी लावलीस तेव्हाच कळलं.
चाकाच्या जाळीतून दिसावेत म्हणून
कॅलिपर लाल रंगवलेस ना, घरीच, ब्रशनं?
ब्रशचा एक केस चिकटलाय. डावीकडे.

दिसतात छान, नाही म्हणत नाही.
पण ती बघ भिंतीवरची,
जिला मी घड्याळाचे काटे बसवलेत.
कार्मेलोच्या गाडीतून निघाली, गेल्या मे महिन्यात.
या भोकापासून त्या भोकापर्यंत
आधी केसाएवढी चीर, मग नखाएवढी,
मग पिस्त्याच्या मळ्याची लाव्हाची भिंत.
फिरव बोट. लागलं?
पावणेचारला मिनिटकाटा अजून अडखळतो.

तू म्हणशील, शर्यत तर चढाची,
ब्रेकचे एवढे लाड कशाला?
चढताना सगळेच शूर, बाबा.
वर गेलेली गाडी खाली कोण आणतं?
सतरा वळणं, आणि प्रत्येक वळणावर
तुझा सगळा वेग त्या दोन ताटांत
आग होऊन वाढला जातो.
ताट जड हवं. पातळ ताटात
कढी हातावर येते.

काल रात्री एटना पुन्हा खोकली.
ऐकलंस ना? सकाळी छपरांवर, रस्त्यावर,
माझ्या वाळत्या चादरींवर काळी वाळू.
ती पॅडखाली जाते आणि लोखंड खरवडते,
मांजर दार खरवडते तशी, उघडेपर्यंत.
म्हणून ही घे, चऱ्यांची.
भोकं नाहीत, नुसत्या आखलेल्या चऱ्या,
वाळू बाहेर झाडतात, पॅडचं तोंड पुसत राहतात.
आवाज करतील थोडा. करू देत.

आता पॅड.
नको, ते शर्यतीचे नकोत.
तापले की वाघ, कबूल,
पण गार असताना दगड.
मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी
पहाटे साडेपाचला तू आईला ब्रोंतेला नेतोस,
डायलिसिसला, याच गाडीतून.
सगळ्या मालेत्तोला माहीत आहे ते.
उतारावरच्या पहिल्या वळणाला पाय दाबशील
आणि पॅड म्हणेल, थांब जरा, मी जागा नाही झालो.
आई शेजारी बसलेली,
मांडीवर पिशवी, पिशवीत लिंबू.

मधले घे. शर्यतीत सेकंद दोन सेकंद जातील.
काळी पूड पडेल चाकांवर, तुझ्या लाल रंगावर.
पुसत जा.

आणि तेल? शेवटचं कधी बदललंस?
आठवत नाही म्हणजे चार वर्षं.
हवेतलं पाणी पितं ते, गुपचूप, एखाद्या काकासारखं,
आणि उकळलं की पॅडल जातं
थेट तळाला. खाली काही नसतं.

काय विचारलंस?
कार्मेलोला त्या डिस्क कोणी विकल्या?

मीच.
याच कपाटातून, याच फळकुटावरून.
त्याला आवडल्या होत्या, मला भाडं द्यायचं होतं.
अजून येतो तो शुक्रवारी कॉफीला,
काठी टेकवतो तिथे, जिथे तू उभा आहेस.
एका शब्दानं बोलला नाही कधी.
फक्त वेळ बघायची झाली
की मोबाइल काढतो.

असो. बसवून झाल्या की रात्री निघ,
रस्ता रिकामा असतो तेव्हा.
नव्वदवर ने, तीसवर आण. दहा वेळा.
पूर्ण थांबू नकोस, एकदाही नाही.
तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभा राहिलास
तर पॅडचा ठसा उमटतो तिच्यावर,
मग प्रत्येक थांब्याला स्टिअरिंग थरथरतं.
थांबायचं सामान आहे खरं,
पण पहिल्या रात्री त्याला थांबू द्यायचं नाही.
घरी जा, हँडब्रेकही लावू नकोस,
चाकाला दगड लाव आणि झोप.

अर्धे पैसे आज, अर्धे शर्यत झाल्यावर.
हो, हरलास तरी. परत आलास की झालं.

तो भोकांचा डबा?
राहू दे तिथेच.
कोणीतरी येईल.