वहीतल्या दुरुस्त्या

मी येरेवानचा, आठव्या मजल्यावरचा.
पण बर्फ वितळलं की माझं काम भुकेचं.
गेघामाच्या डोंगरांकडे जाणारी लांबलचक पायवाट
बाकीच्यांच्या आधी एकट्यानं चालायची
आणि लिहायचं,
कुठल्या गावात पाव मिळतो,
कुठल्या गावात नुसतीच कुत्री.

गेल्या वर्षीची नोंद, माझ्याच अक्षरात:
'एकशे बारावा किलोमीटर. दुकान. निळं दार.
मंगळवारी, शुक्रवारी पाव. गॅस नाही.
मालक चिडका, हिशेबाला चोख.
यापुढे चार दिवस काही नाही.'

चार दिवस काही नाही.
लिहायला किती सोपं.
पाठीवर घेऊन चालताना समजतं.

यंदा निळ्या दाराला कुलूप.
कुलपावर कोळ्याचं जाळं, म्हणजे कालचं नव्हे.
काचेतून तराजू दिसला,
एक पारडं खाली गेलेलं
आत काहीच नसताना.
माझ्यापाशी उरलं होतं अर्धं पाकीट शेवया,
लसणाचा एक गड्डा,
आणि जर्दाळूच्या बिया, उगाच जपलेल्या.
मी पेन्सिल काढून 'दुकान' खोडलं.

तेवढ्यात धूर.

वाट वाकडी केली.
अक्रोडाच्या झाडामागे
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मातीची भट्टी
आणि तिच्यात कमरेपर्यंत वाकलेली बाई.
वर आली ती लवाश घेऊनच,
उशीच्या अभ्र्याएवढं, फोड करपलेले,
आणि मला बघून दचकली नाही.
'दीर रशियाला गेला,' म्हणाली, जणू मी विचारलंच होतं.
'मुलाकडे. किल्लीही नेली, गाढवानं.
आत माझं अर्धं पोतं मीठ आहे.'

बसायला उलटी बादली दिली.
खारं चीज, रानातला हिरवा पाला,
वाडग्यात ताक, इतकं गार की कपाळ दुखलं.
भुकेला कोंडा म्हणतात,
पण हा कोंडा नव्हता,
आणि मी जे खाल्लं त्याला जेवणं म्हणत नाहीत.
ती दुसरीकडे बघत राहिली, माझी लाज राखायला.

मी पैसे काढले.
तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं
जसं सतरंजीवर आलेल्या चिखलाच्या बुटांकडे.

मग वही काढली. नाव काय लिहू?
'न्वार्द,' म्हणाली. आणि लगेच, 'नको लिहू.
तू लिहिशील, चाळीस जण येतील.
माझ्याकडे पीठ चौघांचं.
चाळिसांकडून पैसे घ्यावे लागतील,
पैसे घेतले की दार वेळेवर उघडावं लागेल,
आणि ज्या दिवशी मला सर्दी
त्या दिवशी तू लिहिशील, बाई चिडकी.'

वही तिच्या बाजूनं उलटी होती.
तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं तिनं,
बाकापलीकडून उलटी अक्षरं वाचत.

पेन्सिल माझ्या हातातून गेली.
'हे चूक. झऱ्यापर्यंत तीन तास कसले?
आजारी कोकरू काखेत घेऊन मी दीड तासात जाते.
हेही चूक. काही नाही म्हणजे?
दुसऱ्या दिवशी पठारावर मेंढपाळ लागतात,
यझिदी, जूनपासून.
आधी कुत्र्यांना हाक मारायची, मग माणसांना.
आणि "झरा"चा झ असा काढतात होय?'

(आमच्या लिपीतलं ते अक्षर वेगळं आहे,
पण माझं खरंच वाईट निघालं होतं.)

'मग तुमच्याबद्दल काय लिहू?'
ती पुन्हा भट्टीत वाकली होती.
उत्तर आतून आलं, घुमत.
नीट कळलं नाही.
पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

चार लवाश तिनं नकाशासारखे घडी घालून
माझ्या पिशवीत कोंबले, नकाशाच्याच कप्प्यात.

रात्री तंबूत, बॅटरी दातांत धरून,
एकशे बाराव्या किलोमीटरसमोर लिहिलं:
'दुकान बंद. सामान आधीच्या गावात भरून घ्या.
कधी धूर दिसला, तर लांबूनच हाक मारा.
जाताना मीठ घेऊन जा.'