रकाना अकरावा

बोरिवलीच्या शाखेत, टोकन चौसष्ट.
गवळी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं :
घर ग्रामीण की शहरी?
व्याजाची सवलत त्यावर ठरते.
जे लागू नसेल ते खोडा.

म्हटलं, मॅडम, आहे महापालिकेच्याच हद्दीत,
पण मार्व्याहून तरीने जावं लागतं.
घरपट्टी मुंबईची,
पाणी विहिरीचं, उधाणाला जरा मचूळ.
कचऱ्याची गाडी येते,
पण तिच्याआधी शेजारचा कोंबडा येतो, थेट ओट्यावर.
त्या म्हणाल्या, एवढं लिहायला जागा नाही.

मनोरीला, क्रुसापासून तिसरं वळण,
दोन खोल्या, पडवी, मागे एक रामफळ.
विकणारे इनास किणी, वय एक्क्याऐंशी,
भाच्याकडे वसईला निघालेले.
किंमत सांगताना ते जमिनीकडे बघत होते,
आम्ही घासाघीस करताना छपराकडे.
शेवटी दोघांच्याही माना दुखल्या
आणि आकडा ठरला.

मग बँकेचा मूल्यमापक आला,
बूट हातात, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली.
भिंतीवर टिचकी मारली,
वाशांवर लेझरचा लाल ठिपका फिरवला
आणि लिहिलं :
छप्पर कौलारू. उर्वरित आयुष्य पंधरा वर्षे.
इनास हसले. इतके, की खोकला लागला.
म्हणाले, माझा नाही ना लिवलास?

मी हॉस्पिटलात रक्त तपासते. एकवीस वर्षं.
काचपट्टीवर काय काय पाहिलंय,
पण कुणाच्याही नावापुढे
असा आकडा टाकायची हिंमत झाली नाही कधी.
याला सात मिनिटं लागली.
चहाही नको म्हणाला, परतीची तर चुकेल म्हणून.

घराला पंधरा, तर कर्जालाही पंधराच.
हप्ता साडेपाच हजारांनी फुगला.
दिगंबरने त्या रात्री
कॅलेंडरच्या मागे बेरीज केली,
पुन्हा केली, पेन बदलून केली.
सकाळी त्याची मोटारसायकल
सोसायटीच्या वॉचमनला विकलेली होती.
म्हणाला, तरीत तसंही तिचं वेगळं तिकीट पडतं.

योजनेची आणखी एक अट होती :
घर बाईच्या नावावर हवं.
हे ऐकून दिगंबरने पेन माझ्याकडे सरकवलं,
मीठ सरकवावं तसं, सहज.
रेशन कार्डावर मी तिसरी आहे,
गॅसच्या पुस्तकात नाहीच,
माहेरच्या जमिनीवर हक्कसोड लिहून दिलेली,
तीही हसत, भावाच्या घरचं श्रीखंड खात.
चौतीस सह्या करायच्या होत्या.
दहाव्या सहीपर्यंत मी नीट होते,
विसाव्या सहीला 'हेमांगी'तली वेलांटी
कागदाबाहेर जायला लागली.
गवळी मॅडम म्हणाल्या, सही जुळत नाही.
म्हटलं, माझीच आहे.
सवय नाही तिला एवढ्या जागेची.

मंजुरीचं पत्र आलं गुरुवारी.
सरकारची मुद्रा, बँकेची मुद्रा,
आणि अकराव्या रकान्यात
ग्रामीण / शहरी,
दोन्ही तसेच, न खोडलेले.
दिगंबर म्हणाला, विचारून येऊ या का?
मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं,
डब्याच्या खाली, म्हणजे उडायला नको.

किल्ली देताना इनास म्हणाले,
पूर्वेकडची, वरून चौथी ओळ, ते कौल हलते.
विहिरीचा रहाट रडते, त्याला खोबरेल घाल.
मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी असते,
तवा मी येन. पडवीत बसन. चालेल?
म्हटलं, बसा की.
मग ते गेले नाहीत लगेच,
रामफळाखाली उभे राहून
पिशवीत एक फळ घालू की नको
याचा बराच वेळ विचार करत राहिले,
आता ते कुणाचं म्हणून.
मीही काही बोलले नाही.
मलाही नक्की माहीत नव्हतं.