वेळेचा रकाना

हर्णै दूरक्षेत्र, तक्रार वही.
यशवंती चोगले, राहणार पाजपंढरी.
होडी गेली. रंग निळा, नाव 'जयमाला'.
वेळ?
"निजानीज झाली नि मंग."
म्हटलं, बाई, आकड्यात सांगा.
म्हणाली, आकड्याला काय कळतं, कोन निजलंय.

मी गंगाखेडकडचा.
आमच्याकडे हा शब्द शेवटच्या एसटीमागून यायचा;
आई निखाऱ्यांवर राख ओढायची, झालं.
इथं बर्फाचा कारखाना रात्रभर दात खातो,
भरतीच्या हिशेबानं कुणी उठतं, कुणी आडवं होतं.
इथं कशाची निजानीज?

पण रिकाम्या रकान्यापुढं बसलो तेव्हा
शाळेतलं व्याकरण उलटून आलं.
मारामारी. एकट्याची होत नाही.
पळापळ, रडारड, ओढाओढ,
त्या घरात जन्मलं ते कालवा करतच जन्मलं,
आणि त्यांच्यातच ही एक,
पाय पोटाशी घेतलेली.
तीही एकट्याची होत नाही.
एकानं निजायचं, मग शेजाऱ्यानं, मग त्याच्या कुत्र्यानं,
रंग फेकावा तशी
आळीनं एकमेकांवर झोप फेकायची.
एक डोळा उघडा राहिला
तरी शब्द अर्धाच.

हे मी बाईंना सुनावलं.
चोर जागा होता ना? मग निजानीज कुठली?
तिनं पदर खोचला.
"मंग तीच पयली चोरी लिवा."

मी लिहिलं : अंदाजे साडेअकरा.

तिसऱ्या दिवशी होडी सापडली
आंजर्ल्याच्या खाडीत, कांदळात तिरकी रुतलेली.
आत एक खेकडा, ओंजळभर पाणी.
दोराचं टोक झिजून जटा झालेलं;
सुरीचं काम नव्हे.
ओहोटीनं बाहेर काढली,
भरतीनं खाडीत ढकलली.

म्हणजे चोर नव्हताच.
म्हणजे त्या रात्री
बर्फवाला यासीनसुद्धा यंत्राला पाठ टेकून,
कुत्री जाळ्यांच्या ढिगावर,
आणि, हे वहीत नाही,
खुर्चीत मीसुद्धा.

साडेअकरा खोडलं.
बाईंचा शब्द लिहिला, खाली सही केली.
साहेबांनी लाल पेन्सिलीनं त्याला गोल केलाय :
'म्हणजे किती वाजता?'

उत्तर द्यायचं राहिलंय.
समुद्र जागा धरायचा की नाही,
ते गुरुजींनी शिकवलं नव्हतं.