बर्फ नको

हर्णैच्या धक्क्यावर मुनाफ मुकादम
सवयीनं फावडं भरतो,
माझ्या खोक्याकडे वळतो.
नको, मी म्हणते. रक्त आहे ह्यात.
"मग? सुरमईला रक्त नसतं?"

सुरमई मेलेली असते, मुनाफभाई.
ह्या एकोणीस नळ्यांत अजून जाग आहे.
गारठल्या तर आतली चूल विझेल
आणि मला चूलच तर बघायचीय.

लस टोचून आज सातवा दिवस.
द्वारकी चोगले दंड पुढे करते,
मनगटावर बांगड्याचे दोन खवले.
"परत परत काय शोधतेस गो त्यात?"

सांगते, तिच्याच परसात उकिडवी बसून:
सुईनं चाहूल दिली की
काही पेशी झावळीसारख्या पेटतात.
साखर ओढतात, भसाभस जाळतात,
अर्धीमुर्धी, आंबट धूर सोडत,
कारण घाई असते,
एकीच्या दोन, दोनाच्या चार व्हायची.
(तुला कणकण आली ती ह्यांची नव्हे.
ती त्याआधीच्या पहारेकऱ्यांची.)
मग झावळी संपते.
बहुतेक जणी मरतात, बिनबोभाट.
थोड्या उरतात, सोडणासारख्या,
राखेखाली, चरबीच्या थेंबावर,
मंद, वर्षानुवर्षं.
खरा आजार दारात आला
की फुंकर तेवढी पुरते.

द्वारकी ऐकते.
चुलीपुढचं एक सोडण उचलते,
दाबून बघते.
"आणि जिचं सोडणच ओलं असंल?"

अडुसष्ट वर्षं.
रात्री तीनला उठणं, कोरा चहा,
लिलाव आटपेपर्यंत पोटात काही नाही.
माझ्या तक्त्यात वय आहे, वजन आहे,
ह्याला रकाना नाही.
म्हाताऱ्या पेशी भट्टी नीट लावत नाहीत
एवढं आम्हांला ठाऊक आहे.
का, किती, कुणाच्या,
ते विचारायलाच तर हे खोकं.

तसं म्हणत नाही.
म्हणते, बघते.

ती कापूस दाबून धरते.
"अठ्ठाविसाव्या दिवशी ये.
पण लिलाव झाल्यावर."

चार दहाची दापोली.
पायांपाशी कुणाच्या तरी टोपलीतलं
बर्फाचं पाणी वाहत मागे जातं.
माझं खोकं मांडीवर, कोरडं.
नळी चौदा, द्वारकी.
घाटीच्या वळणावर
मी दोन्ही हात त्याच्याभोवती घेते,
कोंबडी अंड्यांवर बसते तशी,
आणि शेजारची बाई
जरा सरकून जागा करते.